पडवळाचा धोंडा

आमच्या मस्कतच्या ऑफिसात मातीतला खारटपणा मोजायचं एक यंत्र होतं. ते कायम कपाटात असे, कारण फोरमनना त्याची गरज पडत नसे. साइटवर गेले की ते उकिडवे बसत, चिमूटभर माती जिभेवर ठेवत, डोळे मिटून लोणचं चाखावं तशी तिची चव घेत आणि थुंकून टाकून निकाल देत. "पेरू जगतलो. लिंबू नाय." नवी असताना मी एकदा हट्टाने यंत्र लावून पाहिलं. यंत्राने दहा मिनिटं घेतली आणि फोरमन जे म्हणाले होते तेच सांगितलं. त्यानंतर मीही ते कपाटातच ठेवलं.

लोकांना बागा करून देणारी आमची कंपनी. मी पुण्यात आर्किटेक्चर शिकलेली, वर बागांच्या आखणीची पदवी घेतलेली, आणि हे दोन्ही समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था करणारी. मी कागदावर बाग काढायची आणि फोरमननी ती जमिनीवर उतरवायची, अशी वाटणी होती. माणूस देवगडकडच्या एका खेड्यातला, शिक्षण सातवी, ओमानात तीस वर्षं. त्यांचं खरं नाव पासपोर्टवर असेल तेवढंच. मल्याळी, बंगाली, पठाण, ओमानी, सगळे त्यांना फोरमन म्हणत. मी काका म्हणायचे. ते मला 'बाय' म्हणत आणि माझा नकाशा पसंत पडला नाही की 'म्याडम'. पहिल्या वर्षात मी बहुतेक म्याडमच होते.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, सुंभाची गुंडी असे. दर सुट्टीहून येताना ते काथ्याचं सुंभ घेऊन येत आणि जगातली प्रत्येक मोडलेली गोष्ट त्याने बांधत. गळका पाइप, कललेलं रोप, चष्म्याची काडी, एकदा तर कंपनीच्या पिकअपचा दरवाजा. त्या दरवाज्यासकट आम्ही तीन तासांवरच्या इब्रीपर्यंत जाऊन आलो आणि काही झालं नाही.

झाड मेलं, असं ते कधी म्हणत नसत. "म्याडम, तो गुलमोर गावाक गेलो," असं सांगत. हिरवळीशी मात्र त्यांचं उघड वैर होतं. "लॉन म्हणजे जावय. कितीय वाढा, फुगानच बसतलो." तरीही तीस वर्षं त्यांनी हिरवळीच लावल्या, कारण लोकांना त्याच हव्या असत.

ओमानी बोलण्याचाही त्यांचा अभ्यास होता, विशेषतः 'इन्शाल्ला'चा. शब्द लांबवून म्हटला तर काम होणार. आखूड म्हटला तर नाही. आणि आखूड म्हणून वर हात उडवला, तर माणसाने घरी जाऊन जेवावं. मी हसायचे, पण पुढे पुढे मीटिंगमधून बाहेर आल्यावर त्यांनाच विचारायचे, "काका, आजचा कसा होता?"

त्या इब्रीच्या रस्त्यावरच एकदा त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "हयसर चाळीस कडुनिंब लावलेलंय." मी पाहिलं तर तिथे चौपदरी रस्ता. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "थयसर बोगनवेल होती." तिथे पेट्रोल पंप. असं ते तासभर दाखवत राहिले आणि दाखवलेल्या एकाही जागी झाड नव्हतं. रस्ते रुंद झाले, चौक बदलले, मालक बदलले.

"तीस वर्सां झाली, बाय," ते म्हणाले. "माझा म्हणान दाखवूक एक झाड जाग्यार नाय. फुडल्या वर्सा साठी लागतली, मगे व्हिसा काय वाढूचो नाय. जाताना मागे वळान बघूक एक तरी व्हया मा?"

 माझ्या नावाच्या पाट्या लागलेल्या बागा मस्कतमध्ये तेव्हाच तीन होत्या आणि त्या तिन्ही त्यांच्या हातच्या होत्या. मला लाज वाटली, आणि ती मी पाण्याची बाटली शोधण्यात घालवली.

जपानी बागेचं प्रकरण त्यानंतर दोन महिन्यांनी आलं. आमच्या मालकांच्या, म्हणजे अर्बाबच्या, वडिलांची समुद्रकाठी खाबुऱ्याला जुनी वाडी होती. एके काळी खजुराची शेकडो झाडं. मग त्या किनाऱ्यावर सगळ्यांनी इतकं पाणी उपसलं की विहिरीत समुद्र शिरला आणि खजूर उभे वाळले. योगायोग असा, की फोरमन ओमानात पहिल्यांदा आले ते याच वाडीत, खजुरांना पाणी द्यायला. अर्बाब तेव्हा मस्कतला धंद्यात होते. वडील गेल्यावर इतक्या वर्षांनी त्यांना तिथे काहीतरी करावंसं वाटू लागलं होतं, आणि टोकियोत कुठलीशी जुनी बाग पाहून आल्यापासून ते 'काहीतरी' जपानी असावं असं त्यांनी ठरवलं होतं.

मी उत्साहाने नकाशा काढला. तळं, तळ्यावर लाल पूल, भोवती हिरवळ आणि चेरीची दोन झाडं. खाबुऱ्यात चेरी! आज तो कागद आठवला तरी तोंड लपवावंसं वाटतं. पण अर्बाबना आवडला. नोव्हेंबरात ते पंपांच्या खरेदीसाठी टोकियोला निघाले होते. आम्हा दोघांनाही बरोबर घेतलं. "देख के आओ फोरमन. वैसा ही मंगता."

विमानात फोरमन माकडटोपी घालून ताठ बसले होते. टोकियोत पहिल्या सकाळी नाश्त्याला भात, भाजलेला मासा आणि खारवलेला मुळा आला, तेव्हा कुठे ते सैल झाले. "बाय, ह्यांका आमच्या लोकांनी शिकयल्यानी काय?"

ती बाग शहराच्या ऐन मध्यात होती. कुणा सरदाराने कित्येक पिढ्यांपूर्वी करवून घेतलेली. चारी बाजूंनी काचेच्या उंच इमारती, आणि मध्ये तळं, टेकड्या, पाइनची वाकलेली झाडं. मी वही काढून भराभर रेखाटनं करत सुटले. अर्बाब फोनवर पंपांचा भाव करत होते. फोरमन आमच्या मागे, हात पाठीशी बांधून, देवळात फिरावं तसे फिरत होते.

एका ठिकाणी पायवाटेला दोन फाटे फुटले होते. उजवीकडच्या फाट्यावर, पाऊल ठेवायच्या दगडावरच, एक मोसंबीएवढा गोल धोंडा ठेवलेला होता. काळसर दोरीने चारी बाजूंनी करकचून बांधलेला, वर गाठ.

आता कोकणातल्या माणसाला दोरीने बांधलेला धोंडा दिसला की एकच गोष्ट आठवते. परसातल्या मांडवावर पडवळ लागलं की त्याच्या टोकाला असाच धोंडा बांधतात, म्हणजे पडवळ वेडंवाकडं न होता सरळ वाढतं. फोरमननी आधी वर पाहिलं. मांडव दिसेना.

"पडवळाचो धोंडो पडलो वाटता," ते म्हणाले. "कोणतरी अडखळान पडतलो." आणि मी 'काका, थांबा' म्हणेपर्यंत त्यांनी तो उचलला, धोतराच्या सोग्यात घालतात तसा पोटाशी धरला आणि फाटकावरच्या तिकिटाच्या खिडकीकडे चालू लागले. हरवलेली वस्तू जमा करायला!

मला तो धोंडा काय असतो ते माहीत होतं. शिकताना वाचलेल्या एका पुस्तकात त्याचं एक अख्खं पान होतं. 'इकडून जाऊ नये' एवढंच तो सांगतो. पण भर बागेत मला हाका मारायची लाज वाटली आणि मी नुसतीच त्यांच्या मागे पळाले. फोरमननी खिडकीत धोंडा ठेवला. आतली मुलगी त्या धोंड्याकडे पाहून वाकली, मग आमच्याकडे पाहून वाकली, आणि मग तिने कुणाला तरी फोन केला. दोन मिनिटांत एक म्हातारा माळी धावत आला. निळा सदरा, पायात अंगठा वेगळा असलेले कापडी बूट, डोक्याला पंचा. अर्बाब फोन ठेवून पुढे झाले आणि इंग्रजीत, अरबीत, हिंदीत माफी मागू लागले.

म्हातारा रागावला नाही. त्याने धोंडा उचलला, आम्हाला खुणेने बोलावलं आणि पुन्हा त्या फाट्यावर नेऊन जागच्या जागी ठेवला. मग चार पावलं मागे गेला, चालत चालत धोंड्यापाशी आला, थांबला, किंचित मान लववली आणि दुसऱ्या फाट्याला वळला. हे त्याने आम्हाला तीनदा करून दाखवलं.

तिसऱ्यांदा फोरमनच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी दोन्ही कान पकडले. म्हातारा इतका हसला की त्याचा पंचा सुटला.

"बोर्ड नाय, वॉचमन नाय, कुंपण नाय," फोरमन मला म्हणाले. "एक धोंडो सांगता आणि माणसा ऐकतत. आपल्याकडे बोर्ड लावलो असतो, नि लोक बोर्डारच थुकले असते."

मग ते त्या दोरीला बोटांनी चाचपू लागले, वास घेतला. "काथ्यो न्हय. पण माडाच्याच भावकीतलो." खिशातून आपलं सुंभ काढून त्यांनी म्हाताऱ्याला दिलं. त्यानेही ते चाचपलं, वास घेतला आणि मान डोलावली. पुढचे दोन तास ते दोघं एका झाडाखाली बसून धोंडे बांधत होते. एक मालवणीत बोलत होता, दुसरा जपानीत, आणि मधे दुभाषा हवा असं मला एकदाही वाटलं नाही.

पुढच्या दोन दिवसांत माझ्या यादीत आणखी सहा बागा होत्या. त्या मी एकटीने पाहिल्या. फोरमन दोन्ही दिवस त्याच बागेत गेले. म्हातारा पाइनची सुईसारखी जुनी पानं हाताने एकेक करून काढत असे, हे त्याच्या शेजारी बसून बघत. शेवटच्या संध्याकाळी मी त्यांना आणायला गेले, तेव्हा ते एका फार जुन्या पाइनसमोर उभे होते. त्याची एक लांब फांदी तळ्यावर ओणवली होती आणि तिला खालून लाकडी टेकू दिलेले होते. टेकू जिथे फांदीला लागत होते, तिथे सालीला इजा होऊ नये म्हणून दोरी गुंडाळली होती.

"ह्या झाड म्हातारा झाला म्हणान तोडूक नाय, बाय," ते म्हणाले. "काठी दिल्यानी."  मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्या दिवशी प्रथमच मला वाटलं, की मी तीन दिवस बागा पाहिल्या आणि या माणसाने बाग राखणं पाहिलं.

असं वाटलं म्हणून मी शहाणी झाले असं मात्र नाही. खाबुऱ्याला काम सुरू झालं आणि पंधराच दिवसांत आमचं वाजलं. फोरमननी हिरवळीला साफ नकार दिला. तळं नको, पूल नको. मेलेल्या खजुरांची खोडं मी उपटायला सांगितली होती. ती त्यांनी कमरेएवढी ठेवून वरून कापली आणि ओळीने तशीच उभी राखली. सुकलेल्या वादीतून, म्हणजे पावसाळी नदीच्या पात्रातून, ट्रक भरभरून दगड आणले. एकेक दगड बसवायला अर्धा दिवस. मजूर वैतागून म्हणत, "खलास, फोरमन, खलास!" हे दगडाभोवती फिरत राहत. "थांब रे. ह्येचा तोंड खंयसर आसा ता बघूंदे."

"काका, अर्बाबनी माझा नकाशा पास केलाय!" मी ओरडले. 

"तुमच्या नकाशाक पाणी लागता, म्याडम. हयसर पाणीच नाय म्हणान झाडा मेली. परत तीच चूक करूची?"

"आणि त्यांना हे आवडलं नाही तर? जेसीबी लावून दोन तासांत उकरून काढतील. तुमची एकुलती एक बाग."

ते खिशातलं सुंभ बोटाभोवती गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मगे गावाक गेली म्हणतलंय."

सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, हे ज्याने प्रथम म्हटलं त्याने आमच्या फोरमनना पाहिलं असणार. मी चिडून मस्कतला परतले. पण अर्बाबना फोन केला नाही. तीनदा नंबर काढला आणि तीनदा ठेवला. ती फांदीखालची दोरी डोळ्यांपुढे येत होती.

पाहणीच्या दिवशी अर्बाब गाडीतून उतरले तेच फोन कानाला लावून. वाडीच्या पलीकडच्या टोकाला एक जुनं घाफचं झाड होतं. घाफ हे वाळवंटातलं चिवट झाड. मुळं खोल नेऊन आपलं पाणी आपणच शोधतं. वाडीत जिवंत राहिलेलं तेवढं एकच. त्याच्या सावलीत फोरमननी दगडी बैठक केली होती आणि फाटकापासून तिकडे सरळ वाट जात होती. अर्बाब तरातरा निघाले आणि दहा पावलांवर थांबले.

वाटेवर एक धोंडा होता. सुंभाने बांधलेला.

त्यांनी धोंड्याकडे पाहिलं, फोरमनकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. "अरे फोरमन! ये तुम जापान से चोरी किया?"

"नहीं अर्बाब. ये इधर का है."

"मेरा घर में मेरे को ना बोलता?"

"मैं किधर बोलता? पत्थर बोलता."

 अर्बाबनी मान हलवली आणि डावीकडे वळले. ती वाट लांबून, खोडांच्या ओळींमधून जात होती. भोवती पांढरी खडी, तिच्यात दाताळ्याने ओढलेल्या रेषा, आणि ती उभी काळी खोडं. ते चालता चालता हळू झाले. फोनवर कोणी तरी बोलतच होतं. त्यांनी तो बंद करून खिशात टाकला.

"ये फर्द था," फोरमन एका खोडावर हात ठेवून म्हणाले. "ये चार खुनैझी. ये पेड़ बड़े अर्बाब का, इसका खजूर बाजार नहीं जाता था. वो सुबह इधर बैठता था, मेरे को भी देता था." तीस वर्षांपूर्वीचं प्रत्येक झाड त्यांना जातीसकट आठवत होतं. मला ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं.

अर्बाब त्या खोडापाशी बराच वेळ उभे राहिले. तळ्याचं नाव नाही, पुलाचं नाही, हिरवळीचं नाही. घाफखाली जाऊन बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पानी कितना लगेगा?"

"पानी नहीं लगेगा अर्बाब. आदमी लगेगा. हर हफ्ता पत्ता निकालने को, लाइन मारने को, रस्सी सड़ गया तो नया बांधने को. आदमी नहीं तो एक साल में खलास." मग धीर करून ते म्हणाले, "मैं तो अभी जाता. बाद में कौन देखेगा?"

"इन्शाल्ला," अर्बाब म्हणाले, हात उडवला आणि उठले.

परतताना मस्कत जवळ आल्यावर मी विचारलं, "काका, कसा होता?" ते बाहेर बघत म्हणाले, "आखूड."

त्या वर्षअखेरीला ते गेले. विमानतळावर त्यांनी मला सुंभाची उरलेली गुंडी दिली आणि म्हणाले, "म्हातारपणाक काठी सगळ्यांकाच मिळता असा नाय, बाय." मी रडले, अगदी सगळ्यांसमोर. घरी येऊन तो जुना चेरीचा नकाशा फाडला.

मीही पुढे ती कंपनी सोडली. तीन वर्षं खाबुऱ्याकडे फिरकले नाही, खरं सांगायचं तर धीर होत नव्हता. वाळू चढलेली खडी, ढासळलेली वाट, मधोमध एखादी पाण्याची टाकी, हे सगळं मी मनात इतकं स्पष्ट पाहिलं होतं की प्रत्यक्ष बघायची गरज वाटत नव्हती. शेवटी एका शुक्रवारी त्याच रस्त्यावरच्या सोहारहून परतताना गाडी आपोआपच वळली म्हणा.

फाटक उघडं होतं. खडी पांढरीशुभ्र, तिच्यात रेषा. जरा वाकड्या, पण ताज्या. आत एक माणूस पायघोळ दिशदाशा गुडघ्यापर्यंत खोचून, पाठमोरा, दाताळं ओढत होता. माळी असेल म्हणून मी हाक मारली. वळले ते अर्बाब.

"माली किधर है?" मी विचारलं.

"माली नहीं." त्यांनी घाम पुसला. "दो माली रखा. दोनो वो पत्थर उठा के साइड में रखता था, गाड़ी अंदर लाने को. मैं बोला खलास. जुम्मा को मैं करता." मग खोडांकडे पाहत ते म्हणाले, "मेरा बाप का खजूर मरा, तब मैं मस्कत में था. ये मरेगा तो मैं क्या बोलेगा?"

मी खाली पाहिलं. वाटेवर धोंडा जागच्या जागी होता. काथ्याचं सुंभ कुजून गेलं असावं. त्या जागी खजुराच्या काथ्याची नवी, राठ दोरी होती. गाठ पार एका बाजूला घसरलेली.

मी तिथूनच देवगडला फोन लावला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट आणि मग तो आवाज. मी कुठे उभी आहे ते सांगितलं. 

"धोंडो आसा?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"सूंब?"

"नवं आहे. खजुराचं."

"कोणी बांधल्यान?"

"अर्बाबनी, काका. स्वतः. दर शुक्रवारी येतात."

 कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या. मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

"गाठ कशी मारल्यानी?"

"वाकडी."

"वाकडी आसांदे," फोरमन म्हणाले. "तेंच्या हातची आसा." आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "थयसर काय उभी रवलंस, म्याडम? घाफाकडे जा. आणि लांबच्या वाटेन जा हां. धोंडो घातलेलो आसा."

मी लांबच्या वाटेने गेले.